झाकलेले हत्यार आणि गाणगापूरची वाट

भारतात शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळालेल्या माणसावर १९६२ च्या शस्त्र नियमांनी एक अट घातली. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास मुभा दिल्याखेरीज त्याने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता कामा नये. म्हणजे कलबुर्गी, बीदर किंवा सोलापूरकडच्या एखाद्या सराफाकडे रिव्हॉल्व्हरचा रीतसर परवाना असला, तरी दत्तजयंतीला गाणगापूरच्या यात्रेत शिरताना ते त्याला बरोबर ठेवता येत नाही. वरवर पाहता हे उफराटे वाटते. परका गाव, अनोळखी गर्दी, कनवटीला पैसा, अंगावर सोने. संरक्षणाची गरज वाटावी अशी जागा याहून दुसरी कोणती? पण भीमाकाठच्या या पट्ट्याचा पाच-सहाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या अटीत निव्वळ सरकारी संशय दिसत नाही. अंगावर झाकून नेलेले हत्यार, मग ते कट्यार असो, गुप्ती असो की खिशातले पिस्तूल, ज्याला घटकेची आणि जागेची आधी कल्पना असते त्याच्याच कामी येते. वाटेत अवचित गाठल्या जाणाऱ्याला त्याचा उपयोग फार थोडा. या प्रदेशातल्या नोंदी, कथा आणि कायदे यांचा कल तिकडेच आहे आणि हाच मुद्दा येथे मांडायचा आहे.

झाकून बाळगायचे हत्यार निवडणाऱ्याला नेहमीच चार गोष्टींची वजाबाकी करावी लागली. ते लपले पाहिजे, म्हणून लहान हवे. पण लहान झाले की त्याचा पल्ला आणि घाव कमी होतो. ते चटकन हाती आले पाहिजे; पण जितके खोल लपवावे तितका ते काढायला वेळ लागतो. ते दिवसभर अंगावर वागवता आले पाहिजे, म्हणून हलके हवे. पण हलके पाते वाकते आणि हलके पिस्तूल हातात उसळते. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. हत्याराचा निम्मा उपयोग धाक घालण्यात असतो आणि झाकलेले हत्यार कुणाला दिसत नसल्यामुळे ते धाक घालत नाही. कमरेची तलवार म्यानातून न निघताही धन्याचे रक्षण करते, बाहीतला बिचवा मात्र बाहेर निघेपर्यंत नसल्यासारखाच. या वजाबाकीत काय सोडायचे आणि काय राखायचे, हे ज्याच्या भीतीने लपवायचे त्याच्यावरून ठरते. शत्रूपासून लपवायचे, राजापासून लपवायचे की जमावापासून, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

दख्खनमध्ये कित्येक शतके लपवण्याची गरजच थोडी होती. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य उभे राहिले, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी बीदरला गेली, आणि त्याच शतकात नृसिंहसरस्वती भीमा-अमरजा संगमावर गाणगापुरी राहिले. या काळातला आणि पुढच्या आदिलशाहीतला प्रतिष्ठित माणूस हत्यार उघड वागवी. दख्खनी चित्रांत सरदाराच्या कमरबंदात पुढेच खोचलेली कट्यार दिसते, कारण ती त्याच्या दर्जाची खूण होती. पुढे निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले शिपाई जंबिया, तलवार आणि तोड्याची बंदूक मिरवीत हिंडत. त्यांच्यातले काही सावकारीही करत आणि कर्जाच्या वसुलीला कमरेच्या हत्याराचा धाक पुरेसा होई. जिथे हत्यार दाखवण्यानेच काम भागते तिथे ते कोण लपवील? ज्याला हत्यार बाहेर ठेवून भेटीला यायला सांगितले आहे तो, ज्याच्या वेषाला हत्यार शोभत नाही तो, आणि ज्याला आपण निरुपद्रवी आहोत असे भासवायचे आहे तो. ही यादी लहान आहे आणि तिच्यातल्या शेवटच्या माणसाचा हेतू संरक्षणाचा नाही.

या पट्ट्यातल्या वाटांविषयीचा फार जुना आणि सर्वांच्या तोंडी असलेला दाखला गुरुचरित्रात आहे. सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथात वल्लभेश नावाच्या व्यापारी ब्राह्मणाची कथा येते. नफा झाला तर कृष्णेकाठच्या कुरवपूरला सहस्र भोजन घालीन, असा नवस तो बोलतो. नफा होतो, पैसा घेऊन तो एकटा निघतो आणि वाटेत चोर त्याला यात्रेकरूंच्या वेषात भेटतात. आम्हीही तिकडेच निघालो आहोत असे सांगून ते सोबत करतात, विश्वास बसला की त्याला मारतात. पुढे श्रीपाद श्रीवल्लभ प्रकट होऊन चोरांचा संहार करतात आणि वल्लभेशाला जीवदान मिळते, तो भाग श्रद्धेचा. इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते चोरीच्या पद्धतीचे वर्णन. कथाकाराला आणि त्याच्या श्रोत्यांना ती पद्धत ओळखीची असल्याखेरीज कथा पटली नसती. चोर झाडाआडून उडी घालत नाहीत, शेजारी बसून जेवतात. वल्लभेशाच्या कमरेला त्या दिवशी उत्तम कट्यार असती तरी तिचा उपयोग काय होता? ज्याच्याशी लढायचे तो सोबती होता आणि घटका त्या सोबत्याने निवडली होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ठगांविषयी जे लिहिले त्यात हीच रीत पुन्हा दिसते. निजामाच्या नोकरीत असलेला फिलिप मेडोज टेलर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसी काम केले, पुढे सुरपूर आणि नळदुर्ग येथे कारभार पाहिला, आणि १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. ठगांविरुद्धचा १८३६ चा कायदा आणि इंग्रज अधिकारी स्लीमनची मोहीम यांनी ठगांची नावे सगळीकडे पोचवली. ठगांचा एक धर्मपंथ होता, त्यांनी लक्षावधी माणसे मारली, या गोष्टींवर अलीकडच्या इतिहासकारांनी योग्य शंका घेतल्या आहेत. बऱ्याच कबुल्या माफीच्या साक्षीदारांच्या होत्या आणि इंग्रजांना त्या तशाच हव्या होत्या. पण प्रवाशांशी सलगी करून, मुक्कामावर गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, एवढे तरी पुराव्यानिशी उरते. झाकलेल्या हत्याराच्या हिशेबात त्यांच्या रुमालाला तोड नाही. चौकीवर झडती झाली तर त्यात सापडण्यासारखे काही नाही, रक्त सांडत नाही, आवाज होत नाही, आणि वजन तर नाहीच. त्याचा पल्ला मात्र शून्य: बळी हाताच्या अंतरावर, पाठमोरा आणि बेसावध असावा लागतो. म्हणजे लपण्याच्या बाजूला सगळे वजन टाकले की मारणाऱ्याला परिस्थिती स्वतः घडवावी लागते. हल्लेखोराला ती घडवता येते, बचाव करणाऱ्याला येत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी वाघनखे आणि बिचवा यांनीच स्वतःचा जीव वाचवला की नाही? मग झाकलेले हत्यार बचावाचे नाही हे कसे म्हणता? हा प्रसंग नीट पाहिला तर तो आमच्या विधानाला बळकटी देतो. अफझलखान विजापूरहून निघाला, तुळजापूर आणि पंढरपूर या देवस्थानांना उपद्रव देत आला, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी संशयाला जागा उरली नव्हती. भेटीची जागा महाराजांनी निवडली, माणसे किती असावीत हे ठरले, रानात फौज पेरली गेली. अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर पागोट्याखाली लोखंडी टोप होता. सभासद बखरीत आलिंगनाच्या वेळी खानाने मान दाबून जमदाड चालवल्याचे आणि ती चिलखतावरून घसरल्याचे वर्णन आहे. म्हणजे पहिला वार झाकलेल्या हत्याराने नव्हे, झाकलेल्या चिलखताने परतवला. वाघनखे अशा भेटीसाठीच योग्य होती, कारण अंतर आलिंगनाचे असणार हे आधीच ठाऊक होते. चार हातांवरून आलेल्या तलवारीपुढे ती निरुपयोगी ठरली असती. लंडनच्या संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आलेली वाघनखे हीच ती होत की नाही, याची खात्री ते संग्रहालयही देत नाही. पण त्या दिवशी राजाला वाचवले ते मुख्यतः दूरदृष्टीने. रोज बाजारात जाणाऱ्या, कुणी कुठे गाठेल याची कल्पना नसलेल्या माणसासाठी या प्रसंगातून हत्याराची निवड शिकता येत नाही.

दुसरे उदाहरण साधूंचे. बैरागी, फकीर, गोसावी यांना वाट एकट्याने चालावी लागे, वेषाला तलवार विसंगत, म्हणून हाताखाली टेकायच्या कुबडीत किंवा काठीत पाते ठेवण्याची रीत उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत पसरली. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जी कुबडी दाखवतात तिच्यातही गुप्ती आहे. गुप्ती ही या साऱ्या वजाबाकीतली हुशार तडजोड म्हटली पाहिजे. तिचा पल्ला कट्यारीहून मोठा, ती सदैव हातातच असल्याने शोधावी लागत नाही आणि न उघडताही काठी म्हणून कुत्र्याला, सापाला, भुरट्या चोराला ती पुरते. उलट बाजूने, पाते पोकळीत मावण्यासाठी अरुंद करावे लागते, त्याला तलवारीसारखा आडवा वार झेलता येत नाही, मुठीला आड नसल्यामुळे हात उघडा पडतो. एकदा उपसली की साधूपण संपले. मग जमाव तुमच्या बाजूने राहत नाही. बहुतेक वेळा तिच्यातली काठीच उपयोगी पडत असणार. आणि काठीला गुपित लागत नाही.

गाणगापूरसारख्या क्षेत्रात तर झाकलेल्या हत्याराची अडचण वेगळीच होते. येथे येणाऱ्याचा दिवस संगमावरच्या स्नानाने सुरू होतो, नंतर औदुंबराखाली पारायण किंवा जप, मग निदान पाच घरी माधुकरी, मग निर्गुण पादुकांचे दर्शन. ओल्या पंचाने काठावर उभ्या असलेल्या माणसाने पिस्तूल कुठे ठेवायचे? कपड्यांच्या गाठोड्यात ठेवले तर ते त्याच्यापाशी नाही, ते गाठोडे राखणाऱ्याच्या हाती आहे. अंगावर ठेवले तर झाकलेले नाही. माधुकरीला झोळी घेऊन दारात उभे राहायचे ते मागणाऱ्याच्या नात्याने. शस्त्र बाळगून भिक्षा मागणे या व्यवहाराचा अर्थच उलटा करते. झाकून बाळगण्याची सोय कपड्यावर अवलंबून असते हे शस्त्रांचे जाणकार सांगतातच. अंगरख्याच्या सैल बाहीत बिचवा मावतो, कोटाच्या खिशात पिस्तूल मावते. पण ज्या क्षेत्राच्या दिनक्रमात कपडे उतरवणेच विधीचा भाग आहे, तिथे ही सोय मुळातच नाही. हातबंदूक निवडताना वजन, नळी, गोळ्या यांचा विचार होतो. ती दिवसातून किती वेळा अंगावरून उतरवावी लागेल आणि उतरवल्यावर कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो क्वचित विचारला जातो.

हातबंदुकीचा या हिशेबात प्रवेश उशिरा झाला, त्याला यांत्रिक कारण आहे. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते. जळती वात कपड्याखाली लपत नाही. तिचा धूर, वास आणि ठिणगी सारे उघड करतात. युरोपात सोळाव्या शतकाच्या आरंभी चाकाच्या घर्षणाने ठिणगी पाडणारा चाप निघाला आणि भरलेले पिस्तूल झग्याखाली नेणे प्रथमच शक्य झाले. तिथल्या राजांना त्याचा अर्थ लगेच कळला. सम्राट मॅक्सिमिलियनने १५१८ मध्ये आपोआप पेट घेणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली, आठव्या हेन्रीच्या इंग्लंडात १५४० च्या दशकाच्या सुरुवातीला एक यार्डाहून आखूड हातबंदुकीला कायद्याने मनाई झाली. आपल्याकडे तो चाप रुळलाच नाही, तोड्याची बंदूक दीर्घकाळ चालली, चकमकीच्या बंदुका अठराव्या शतकात युरोपीय फौजांबरोबर पसरल्या. त्यामुळे दख्खनमध्ये झाकलेल्या हत्याराचा अर्थ फार काळ पातेच राहिला. पण युरोपातला तो अनुभव नोंद घेण्याजोगा आहे. पिस्तूल लपण्याइतके लहान होताच राज्यकर्त्यांना ते नागरिकाच्या बचावाचे साधन वाटले नाही, मारेकऱ्याचे वाटले. यात राजांचा स्वार्थ होता हे खरे. त्यांचा अंदाज मात्र फारसा चुकला नाही.

या प्रदेशात राजापासून लपवण्याचा प्रश्न १८५७ मध्ये उभा राहिला. त्या वर्षीच्या शस्त्रबंदीच्या कायद्याने घरोघरची हत्यारे जमा करायला सांगितल्यावर मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी नोव्हेंबरमध्ये बंड केले. इंग्रजांनी गाव जाळून ते मोडले आणि एकोणीस जणांना फाशी दिले. ध्यानात घेण्याजोगे हे की बेडरांनी आपली हत्यारे कणगीत लपवून वेळ मारून नेली नाही, ती उघड हाती घेऊन ते उभे राहिले. त्यांच्या लेखी हत्यार ही उघड वागवायची वस्तू होती. पुढे व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्याने बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाणसुद्धा परवान्याखाली आणले, युरोपियनांना मात्र सूट राहिली. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा, संस्थानांना तो लागू नव्हता. त्यामुळे सोलापूर आणि कलादगी जिल्ह्यांत शस्त्रबंदी, आणि शेजारच्या निजामी मुलखात, जिथे गाणगापूर होते, रोहिले आणि अरब कमरेला जंबिया लावून हिंडताहेत, असा देखावा काही काळ होता. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये याच निजामी मुलखाकडे वळले ते रोहिल्यांची सशस्त्र तुकडी उभारण्याच्या आशेने. त्याच वर्षी जुलैमध्ये मेजर डॅनिएल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना कलादगी जिल्ह्यात देवर नावडगीला पकडले. फडक्यांना खिशातले पिस्तूल नको होते, फौज हवी होती. हत्यार झाकण्याची वेळ त्यांच्या पुढच्या पिढीवर आली.

त्या पुढच्या पिढीच्या हाती नवे यंत्र आले. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर बारा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ब्राउनिंग पिस्तुलाने मारले. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, त्यांतले हे एक. जॉन ब्राउनिंगच्या रचनेची सपाट पिस्तुले १९०० पासून बेल्जियममध्ये बनू लागली होती. वजन पाऊण किलोहून कमी, दांडीत सात गोळ्या, आणि फिरत्या चक्राचा फुगवटा नसल्यामुळे कपड्याखाली उठून न दिसणारी. त्यासाठी काय सोडले होते? गोळी ७.६५ मिलिमीटरची, लष्करी पिस्तुलापेक्षा पुष्कळ दुबळी. नळी आखूड, म्हणून दुरून नेम अवघड. नाट्यगृहात शिरून अगदी जवळून गोळ्या झाडणाऱ्याला या उणिवा नडल्या नाहीत, कारण अंतर आणि घटका त्याच्या हातात होती. आता उलट बाजू पाहा. जॅक्सनच्या खिशात तसेच पिस्तूल असते तर? पहिली गोळी लागेपर्यंत त्याला धोका कळलाच नसता. कान्हेरे यांचे धैर्य आणि त्यागाची योग्यता हा निराळा विषय. ते एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला फाशी गेले. हत्याराच्या बाजूने पाहिले तर नाशिकने तेच दाखवले जे वल्लभेशाच्या कथेने: झाकलेले हत्यार पहिला वार करणाऱ्याचे असते. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या प्रार्थनासभेतल्या पिस्तुलानेही वेगळे काही सांगितले नाही, तिथेही मारणाऱ्याने जमावाचा आडोसा घेतला होता.

यावर कुणी म्हणेल की ही उदाहरणे राजकीय खुनांची आहेत. सामान्य माणसाच्या घरावर चालून येणाऱ्या झुंडीपुढे हत्यार असलेलेच बरे. हा आक्षेप या प्रदेशात कुणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. १९४७-४८ मध्ये निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या हल्ल्यांनी बीदर, गुलबर्गा, उस्मानाबादकडची गावे हवालदिल झाली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा येथे सुमारे दोनशे माणसे मारली गेली. लोक ब्रिटिश अमलातून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या सोलापूरकडे पळाले, तिथून कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर केंद्रे उभारून प्रतिकार केला. पण त्या प्रतिकाराचे साधन कोणते होते? माळवदावर पहारा, दगडी भिंती, बंदूकधाऱ्यांची तुकडी, आधी पोचलेली बातमी. झुंडीपुढे कनवटीला लावलेल्या पिस्तुलातल्या सहा-सात गोळ्यांचा हिशेब कुणी मांडू नये. गावाला हवी होती लांब पल्ल्याची, उघड दिसणारी, धाक घालणारी बंदूक आणि ती धरणारे एकत्र माणसे. आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेल्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईने चार-पाच दिवसांत प्रश्न संपवला. संरक्षणाची गरज जितकी खरी, तितके झाकलेले हत्यार तिला अपुरे. अशा वेळी माणसाला उघड आणि सामुदायिक बळ लागते.

स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनी ही वजाबाकी अक्षरशः इंचांत मांडली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे नियमांच्या कक्षेत आली, त्यांत काठीतल्या पात्याचाही नावाने उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारे वगळली. शीखधर्मीयांच्या कृपाणाला संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात मान्यता आहे. ज्या बीदरमध्ये गुरुनानक झिरा गुरुद्वारा आहे तिथल्या लोकांना हे नवे नाही, आणि ते शस्त्र श्रद्धेची खूण म्हणून ओळखीचे आहे, गुपित म्हणून नव्हे. हातबंदुकीच्या बाबतीत कोणत्या मापाची गोळी सामान्य माणसाला मिळावी हे सैन्याच्या कोठारावरून ठरले. १९०७ मध्ये इंग्रजांनी .४५० मापाच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी घातली, कारण त्याच मापाच्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या. तोच विचार पुढे चालला. ९ मिलिमीटरसारखी लष्करी मापे निषिद्ध, .३२ खुले. त्यामुळे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर हेच अनेक परवानाधारकांच्या वाट्याला आले. २०१४ मध्ये तिथेच ‘निर्भीक’ नावाचे सुमारे पाचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर निघाले, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल अशी त्याची जाहिरात झाली आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. वजन कमी झाले, पण हलक्या पिस्तुलाला मुठीची जास्त ताकद आणि जास्त सराव लागतो. आणि ज्या स्त्रियांच्या नावाने ते निघाले त्यांच्यापैकी किती जणींना ती किंमत परवडणार होती, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत या विषयावर भरपूर लिहिले जाते, कारण तिथे निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याविनाही हातबंदूक झाकून वागवता येते. चपटे पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्या की बारा, कमरेला की घोट्याला, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालतात. झाकून बाळगण्याच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे: कुणाच्या कमरेला काय आहे हे चोराला कळत नसेल तर तो सगळ्यांनाच भितो, म्हणून झाकलेल्या हत्याराचा धाक सर्वांना मिळून मिळतो. तर्क म्हणून हे ठीक आहे, पण त्यासाठी फार मोठ्या संख्येने लोक सशस्त्र असावे लागतात. मग भांडण, मद्य आणि गैरसमज या तिन्हींच्या हाती तेच हत्यार लागते. आपल्याकडे परवानाधारक थोडे. चोर त्यांना गृहीत धरीतच नाही. उलट आपल्या २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक म्यानात आणि पूर्ण झाकलेली ठेवायला सांगितली आहे. बहमनी सरदाराची कट्यार दिसण्यासाठी होती, आजच्या परवानाधारकाचे पिस्तूल न दिसण्यासाठी. मधल्या काळात धाक घालण्याचे काम माणसाकडून राज्याकडे गेले, हा या साऱ्या बदलाचा खरा अर्थ आहे.

शेवटचा आक्षेप सोबतीविषयी. वल्लभेश सोबत्यांनीच मारला, ठगही सोबती होऊनच आले; मग हत्याराऐवजी सोबत हाच बचाव हे कसे मानायचे? उत्तर सोबतीच्या जातीत आहे. वाटेत भेटलेला सोबती आणि गावातून एकत्र निघालेली दिंडी यांत फरक आहे. दिंडीत माणूस माणसाला नावाने, घराने, गोताने ओळखतो. अनोळखी आला तर तो उठून दिसतो. वारकऱ्यांच्या आणि दत्तसंप्रदायाच्या यात्रा समूहाने होत आल्या त्यात भक्ती होती, तसा वाटेचा व्यवहारही होता. १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे रायचूरपर्यंत गेली, गाणगापूर रोड हे स्टेशन त्याच मार्गावर आले, आणि सोलापूरहून येणाऱ्याची कित्येक मुक्कामांची पायवाट मिटली. रेल्वेने वाटेवरची रात्रच काढून टाकली. आणि वाटेवरच्या रात्रीवरच ठगाचा धंदा चालत होता. यात्रेकरूला सुरक्षित केले ते रूळ, पक्की सडक, पोलीस ठाणे, धर्मशाळा आणि ओळखीची माणसे यांनी. कट्यार लांब करायची की आखूड, या वादाचा त्यात काही वाटा नव्हता.

ज्याच्या जिवाला नेमका, नावानिशी धोका आहे, अशा माणसाला परवाना नाकारावा असे यातून निघत नाही. धोका नेमका असला तर घटकेचा अंदाज बांधता येतो, आणि मग प्रतापगडाचा धडा त्याला लागू पडतो: आधी सावधगिरी, मग चिलखत, शेवटी हत्यार. पण केवळ मनाच्या धीरासाठी खिशात पिस्तूल हवे असलेल्याला इतिहास अनुकूल नाही. यात्रेत शस्त्र नेऊ नये ही परवान्यावरची अट त्यामुळे भाविकाच्या हिताची आहे. ती काटेकोरपणे पाळली जावी, आणि तिच्या बदल्यात संगमावर पुरेसा पोलीस बंदोबस्त, घाटावर रात्री उजेड आणि स्टेशनपासून गावापर्यंत रात्री-अपरात्रीही भरवशाची बस एवढे यात्रेकरूने सरकारकडे हक्काने मागावे.